तसबिरीचे कुंकू

स्त्रियांचा म्हणून जो 8 मार्चचा दिवस, तो 1910 सालच्या कोपनहेगन येथील परिषदेतून निघाला. त्या दिवशी कचेऱ्यांतून फुले वाटली जातात; आमच्या देवळाला तो परकाच वाटतो. अहल्याबाईंचा दिवस मात्र आपला. 31 मे 2025 रोजी त्यांच्या जन्मास 300 वर्षे झाली, तेव्हा भोपाळच्या जंबुरी मैदानावर स्त्रियांचा मोठा मेळावा भरला आणि बाईंच्या स्मरणार्थ 300 रुपयांचे नाणे निघाले. येथील मराठी मंडळींनी देवळात तसबिरीचे पूजन व हळदीकुंकू योजिले, आणि निमंत्रणाचा मसुदा, वकील म्हणून, आमच्याकडे आला. आम्ही लिहिले, 'सर्व सुवासिनींनी अगत्य यावे.' दोनशे प्रती छापून आल्या.

मातोश्रींनी चष्मा लावून ते वाचले. वडील जाऊन नऊ वर्षे झाली.

"बाईंच्या तसबिरीला गुरुजी हळदकुंकू वाहतील ना?"

"वाहतील."

"बाईंना चालते, मग मला का नाही रे?" एवढे बोलून त्या शेंगा सोलू लागल्या.

इतका नेमका प्रश्न आम्ही उलटतपासणीतही क्वचितच ऐकला असेल. कुंभेरीच्या वेढ्यात 1754 साली खंडेराव पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी परत फिरविले. पुढे 1767 पासून 1795 पर्यंत तिने राज्य केले, काशीविश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले. आणि हे आमचे शहर तरी कोणाचे? 1819 साली नवाब नजर मुहंमद खान पिस्तुलाची गोळी लागून गेले, तेव्हा ऐन तारुण्यातल्या कुदसिया बेगमेने लहानग्या मुलीच्या नावाने कारभार हाती घेतला. मग सिकंदर, शाहजहान, सुलतानजहान. मधली काही वर्षे सोडली तर 1926 पर्यंत भोपाळ स्त्रियांनीच सांभाळले, आणि चौघींनाही वैधव्य आले होते. शाहजहान बेगमेने तर 1871 साली पुन्हा विवाह केला. त्यांच्या मशिदींवरून आम्ही रोज न्यायालयात जातो.

1937 आणि 1956 च्या कायद्यांनी हिंदू विधवेचा मिळकतीवरील हक्क आधी मर्यादित, मग पूर्ण असा मान्य केला. कुंकवाच्या करंड्याला मात्र कोणतेही कलम लागू होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. महाराष्ट्र शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून तो कित्ता इतर गावांपुढे ठेविला. त्या ठरावाचे आम्ही चारचौघांत कौतुक केले होते. मसुदा लिहिताना तो आठवला नाही, हे कबूल करणे भाग आहे.

समितीत 'पुढच्या वर्षी पाहू' असा सूर निघाला. आम्ही मातोश्रींचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. सारे गप्प झाले. प्रथम गुरुजीच हसले व म्हणाले, "तसबिरीला तर मी वाहणारच." मग दोनशे प्रतींवर 'सुवासिनींनी' खोडून शाईने 'भगिनींनी' लिहिता लिहिता मध्यरात्र झाली.

मातोश्री गेल्या. शेजारच्या दोघी, त्याही विधवाच, 'नको बाई' म्हणून घरीच राहिल्या. करंडा घेऊन आलेली मुलगी त्यांच्यापुढे क्षणभर थबकली. तेव्हा त्यांनीच पदर सावरून कपाळ पुढे केले. परतताना रिक्षात त्या काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर आधी वडिलांच्या तसबिरीपुढे दिवा लावला आणि बराच वेळ तेथेच उभ्या राहिल्या.