आधी ऊब, मग गती

पौषात खानापूरच्या पठारावर वारा सुटला, की विटा शहर बराच वेळ गारठलेले असते. अशा दिवसांत यंत्रही जड होते आणि नव्या यंत्राला तर थंडी अधिकच बाधते. विट्यातील एका यंत्रमागधारक कुटुंबाला ही गोष्ट मुठीत मावेल एवढ्या इंजिनाने शिकविली.

सोन्याचांदीच्या गलाईसाठी या भागातील माणसे भारतभर पसरली आहेत. घरातील मुलाचे मामाही त्यांपैकीच एक. दिवाळीला गावी येताना त्यांनी भाच्यासाठी खऱ्या इंजिनावर धावणारी छोटी मोटार आणली. तिचे इंधन मिळण्यात दोन महिने गेले. मागांचा धंदा मंदीत होता. इंजिन बिघडले तर दुसरे येणार नाही, हे मुलाला कोणी सांगितले नव्हते. पण ते त्याला ठाऊक होते.

नवे इंजिन एकदम पळवू नये, हे आजोबांचे मत. तरुणपणी त्यांच्या विहिरीवर किर्लोस्करांचे डिझेल इंजिन होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसविलेली किर्लोस्करवाडी याच जिल्ह्यातली. त्यामुळे इंजिन ही येथील शेतकऱ्याला परकी वस्तू कधीच वाटली नाही. "पहिले काही तास त्याच्यावर भार टाकू नकोस. तेल भरपूर दे, सावकाश चालू दे," असे आजोबांनी सांगितले.

मुलाने तसेच केले. इंधन जास्त, गती कमी. पण दोरी ओढताना इंजिन वरच्या टोकाशी अडके. सुरू झालेच तर धूर ओकून बंद पडे. डोक्यावर हात ठेवला तर ते जेमतेम कोमट लागे.

आजोबांचा सल्ला चुकीचा नव्हता; यंत्र वेगळे होते. विहिरीवरच्या इंजिनात पिस्टनला रिंगा असतात आणि त्या हळूहळू घासून बसतात. या छोट्या इंजिनात रिंगा नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन आतून क्रोम चढविलेल्या पितळी नळीत फिरतो. ही नळी वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, म्हणून थंड असताना पिस्टन तेथे आवळला जातो. तापल्यावर नळीचा वरचा भाग सर्वांत जास्त प्रसरण पावतो आणि मग पिस्टनला नेमकी हवी तेवढी जागा मिळते. इंजिन गारच राहिले, तर प्रत्येक फेऱ्याला पिस्टन त्या अरुंद जागी घासतो, त्याला जोडलेल्या दांड्यावर ताण येतो आणि जी घट्ट बसणी इंजिनाचे बळ ठरते, तीच झिजून जाते. त्यातच इंधनातील मिथेनॉल बाष्प होताना, वजनाच्या मानाने, पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता शोषून घेते. म्हणजे काळजीपोटी जास्त पाजलेले इंधनच इंजिनाला अधिक गारठवीत होते.

मुलाने माहितीपुस्तिकेतील आकृती दाखवून हे समजाविले, तेव्हा आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "थंडीत आम्हीही इंजिनात आधी कढत पाणी ओतायचो. मगच हँडल मारायचो. ते सांगायचे राहिले."

दुसऱ्या दिवशी आईचे केस वाळविण्याचे यंत्र अंगणात आले. पाचेक मिनिटे गरम हवा दिल्यावर इंजिनाचे डोके हाताला चटका देऊ लागले. त्याच्या पंखांभोवती अ‍ॅल्युमिनियमचा कागद गुंडाळला, म्हणजे वाऱ्याने ऊब जाणार नाही. दोरी ओढताच इंजिन सुरू झाले. आता इंधन थोडे जास्तच ठेवायचे, पण डोक्याचे तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहील इतके बेताने. एक टाकी संपली, की इंजिन पूर्ण निवू द्यायचे; मग पुन्हा ऊब, पुन्हा एक टाकी. मिथेनॉल विषारी आणि उन्हात त्याची ज्योत दिसत नाही, म्हणून बाटली वडिलांच्याच हाती राहिली. इंधनात मिसळलेल्या एरंडेलाचा वास मात्र आजीने लगेच ओळखला.

पूर्ण वेगाने मोटार धावायला रविवार उजाडला. मिनिटाला ३०,०००हून अधिक फेरे घेण्याची ताकद असलेले ते इंजिन आठवडाभर बेताने चालले होते. मित्र रोज विचारीत आणि मुलगा रोज "अजून नाही" म्हणे. वडिलांना त्या उत्तराचे विशेष वाटले. त्यांच्या कारखान्यात नुकताच एक नवा मुलगा कामाला लागला होता. पहिल्याच दिवशी पूर्ण उत्पादनाची अपेक्षा ठेवून ते त्याच्यावर दोनदा रागावले होते. सोमवारी त्यांनी त्याला एका अनुभवी कारागिराच्या शेजारी उभे केले आणि पहिला चहा आपल्या हाताने दिला.

काम आटोपल्यावर इंजिन ठेवण्याचीही एक रीत असते. गरम इंजिनात पिस्टन वर राहिला, तर निवताना नळी त्याला आवळते. म्हणून मुलाने फिरत्या चाकावर एक ठिपका काढून ठेवला आहे; तो ठिपका जागेवर आला, की पिस्टन खाली आला असे समजायचे. संध्याकाळी मोटार घरात आली, की आजोबा एकच प्रश्न विचारतात, "खाली आणून ठेवलास ना?"