अम्मींचा मधला स्पीकर

"अम्मी, आवाज कमी करा ना! शेजारी काय म्हणतील?" हे वाक्य मी रोज बोलत होतो. तलासरीच्या शाळेतून डहाणूला घरी येईपर्यंत डोके शिणलेले असायचे आणि दारातच टीव्हीचा गोंगाट कानावर यायचा. हळूहळू अम्मी टीव्हीसमोर बसेनाशा झाल्या. जेवण झाले की मुकाट्याने आपल्या खोलीत जायच्या. मला वाटले, वय झाले, शांतता हवी असेल.

एके दिवशी अकरावीतला मुलगा म्हणाला, "अब्बू, दादीला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत." आयुष्यभर मुलांना शिकवणाऱ्या मला हे घरात दिसले नव्हते.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितले. उतारवयात बहुधा उंच पट्टीचे बारीक आवाज आधी हरवतात. स, श, फ, त ही अक्षरे ओळखायला तेच आवाज लागतात. टीव्ही मोठा केला की पार्श्वसंगीतही मोठे होते आणि शब्द त्यात बुडतात. त्यांनी श्रवणयंत्र सुचवले, ते आम्ही घेतले. तरी सिनेमाच्या गोंगाटात अम्मींना संवाद समजत नसत.

मग मुलाने एक गोष्ट समजावली. फाइव्ह पॉइंट वन पद्धतीत आवाज सहा वाटांनी येतो : समोर डावा, उजवा आणि मधला, बाजूला किंवा मागे दोन आणि सहावा फक्त खोल घुमणारा. 1992 पासून ही डॉल्बी डिजिटल पद्धत सिनेमागृहांत आली. त्यात संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. तेवढाच स्पीकर मोठा करता आला तर?

तयार होम थिएटर परवडणारे नव्हते. पण मरहूम अब्बांना रेडिओ जुळवण्याचा छंद होता. माळ्यावर त्यांनी बनवलेले 4440 आयसीचे तीन अ‍ॅम्प्लिफायर पडून होते. प्रत्येकाला दोन बाजू, म्हणजे सहा वाटा झाल्या! बाजारातल्या डब्यांवर हजार वॅट छापलेले असतात. या आयसीचे एका बाजूला जेमतेम सहा वॅट. आमच्या बैठकीच्या खोलीला तेवढे पुरे होते. रविवारी डहाणू रोडहून लोकल धरली, ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवरून दोन हजारांच्या आत एक साधा डिकोडर आणला.

पहिल्या खटपटीत फजितीच झाली. चिकूच्या पेट्यांच्या पातळ फळ्यांचे बॉक्स केले, ते आवाजाबरोबर थरथरू लागले. शेवटी सुताराकडून जाड प्लायवुडचे करून घेतले. अब्बांचे जुने सामान वायरमनला दाखवून विजेची जोडणी आणि अर्थिंग त्याच्याकडूनच करून घेतले. मुलांच्या हाती ते काम देऊ नये. एवढे करूनही मधला स्पीकर मुकाच! दोन संध्याकाळी शोधल्यावर कारण सापडले. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' होते, त्यामुळे ऑप्टिकल वायरमधून दोनच वाटांचा आवाज येत होता. ते बदलून 'डॉल्बी डिजिटल' केले आणि मधला स्पीकर बोलू लागला. मालिकांचा आवाज दोनच वाटांचा असतो. त्यासाठी डिकोडरवर 'प्रो लॉजिक' लावले. डाव्या-उजव्यात जे सारखे असते, बहुधा माणसांचे बोलणे, ते ही सोय मधल्या स्पीकरकडे पाठवते.

त्या रात्री इशानंतर मुलाने दादीला हात धरून आणले. मधला स्पीकर वाढवला, बाकीचे उतरवले. जुना विनोदी सिनेमा लावला होता. एका संवादावर अम्मी खळखळून हसल्या, अगदी आमच्याबरोबर. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बेटा, आवाज मोठा तर नाही ना झाला? शेजारी काय म्हणतील?"

माझी मान खाली गेली. घरातला आवाज तर पूर्वीपेक्षा कमी होता. "नाही अम्मी," एवढेच म्हणालो. माफी दुसऱ्या दिवशी मागितली. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला.

वाचकहो, घरातले बुजुर्ग गप्प बसू लागले, तर त्यांना शांतता हवी आहे असे परस्पर ठरवू नका. आधी त्यांच्या कानांची तपासणी करून घ्या. आमच्याकडे आता रात्री अम्मींची खुर्ची रिकामी नसते. अल्हम्दुलिल्लाह, अब्बांचे अ‍ॅम्प्लिफायरही माळ्यावरून खाली आले.