रोबोआधीची वही

अकोल्याच्या जुन्या शहरातली मुलं हाताची हुशार, हे माझं मत आजही कायम आहे. सायकल, टेबलफॅन, कूलरचा पंप, समोर येईल ते उघडून बसतात. त्यामुळे शालेय रोबो स्पर्धांसाठी त्यांना शिकवू लागलो तेव्हा माझी भूमिका ठाम होती : साहित्य मुलांच्या हाती द्यावं आणि आपण बाजूला व्हावं. आधी प्रश्न नेमका मांडायचा, निकष ठरवायचे, दोन-चार आराखडे काढून त्यातला एक निवडायचा, मग तपासत सुधारत जायचं, ही इंजिनिअरांची रीत मला परीक्षकांसाठी सजवलेला कागद वाटायची. आता मी उलट मताचा आहे. ज्या रोबोमागे या सगळ्याची वही नाही तो संघाचा रोबो नसतो, एका-दोघांचा असतो.

नुसत्या हातहुशारीवर सोडलेल्या गटात एक जण बांधतो, दुसरा प्रोग्राम लिहितो आणि बाकीचे, त्यातही मुली, डब्यातून पुर्जे शोधून देतात. रोबो चालला तरी का चालला, हे त्या दोघांनाच ठाऊक. फर्स्ट लेगो लीग या रोबो स्पर्धेत टेबलावरचा सामना अडीच मिनिटांत संपतो. परीक्षक मात्र संघाला समोर बसवून विचारतात : हीच चाकं का घेतली? आधी काय करून पाहिलं? तेव्हा पुर्जे देणारी मुलं खाली बघत राहतात. ते मला फार लागलं.

मत फिरलं ते एका बुजऱ्या मुलीच्या नोंदींमुळे. आमची गाडी सकाळी काटकोनात वळायची, संध्याकाळी कमी वळायची. मोटर बदलावी, असं सगळ्यांचं म्हणणं, माझंही. ती मात्र प्रत्येक फेरीपुढे वेळ आणि बॅटरी लिहीत होती. म्हणाली, ''सर, बॅटरी उतरली का गाडी कमी वळून राह्यली.'' आम्ही बाकी काहीही न बदलता तोच प्रोग्राम भरलेल्या आणि उतरलेल्या बॅटरीवर चालवला. तिचं खरं होतं. वळण सेकंदांत मोजलेलं होतं; उतरलेल्या बॅटरीवर मोटर तेवढ्याच वेळात कमी फिरते. मग वेळेऐवजी चाकाचे फेरे मोजले आणि मोटर जुनीच राहिली. त्या दिवसानंतर गटात तिचं बोलणं कुणी तोडलं नाही. हात वेगवान नसलेल्या मुलीला कागदाने मत दिलं होतं.

आराखड्यांचंही तसंच. उचलणारा हात पुढे गेला की रोबो नाकावर पडायचा. बांधणाऱ्या मुलाला हात आखूड करायचा होता. पण श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला येणाऱ्या भरण्यांच्या कावडी या मुलांनी जन्मापासून पाहिल्यात. एकाने वहीत कावडीचं चित्र काढलं, दोन्हीकडचा भार दाखवला आणि बॅटरीचा डबा मागे सरकवायचं सुचवलं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून निकषांवर तपासली. आवाज कुणाचा मोठा, हा प्रश्नच उरला नाही.

ही स्पर्धा भरवणारी फर्स्ट ही संस्था डीन केमन यांनी १९८९ मध्ये काढली. एमआयटीतले वुडी फ्लॉवर्स तिच्याशी जोडले गेले. चुरशीने खेळतानाही प्रतिस्पर्ध्याशी सौजन्याने वागावं, हा फ्लॉवर्स यांचा आग्रह. लेगोबरोबरची मुलांची लीग १९९८ पासूनची. आणि २०२० मध्ये आपल्या अकोल्याच्या मनुताई कन्या शाळेच्या मुली, काजल राजवैद्य यांच्या मार्गदर्शनाखाली, याच स्पर्धेत पुढे गेल्या. साध्या घरांतल्या मुली. यंत्र मुलांचं, असं मानणाऱ्या आमच्या गल्ल्यांत ती बातमी मी पुन्हा पुन्हा सांगितली आहे.

वहीतही खोटेपणा होतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री रंगीत पेनांनी भरलेली वही मी लगेच ओळखतो. तिच्यात एकही फसलेला प्रयोग नसतो. मला खाडाखोडीची, ग्रीसच्या डागांची वही हवी.

आता सुरुवातीला पुर्ज्यांचा डबा मी बंदच ठेवतो. यात एका मुलाचं नुकसान होतं, तेही सांगायला हवं : ज्याला हातात वस्तू घेतल्याशिवाय सुचतच नाही, तो कागदापुढे कोमेजतो. तो खरा कारागीर असतो आणि मला तो गमवायचा नाही. तूर्त त्याला पुठ्ठा, कात्री आणि रबरबँड देतो. आराखडा तो पुठ्ठ्यात काढतो, शेजारी बसलेली मुलगी वहीत उतरवून घेते.