बास्क मुलखातून : हाविएर आणि आमायुर

रविवार, पाम्प्लोना
उद्या हाविएर. इथून पन्नासेक किलोमीटरवर, सांगुएसा गावाच्या पुढे, आरागॉनच्या हद्दीला लागून. जुन्या गोव्यात ज्याचं शव ठेवलेलं आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियरचा जन्म तिथल्या किल्ल्यात ७ एप्रिल १५०६ रोजी झाला. आपल्याकडे हे नाव निघालं की १५४६ चं त्याचं पत्रही आठवतं. त्यात त्याने पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची, मागणी केली होती. ते विसरू नयेच. पण माझा इथला शोध त्याच्या घराचा आहे. हे घराणं बास्क होतं आणि नवार या हरलेल्या राज्याचं चाकर होतं.

सोमवार, हाविएर
मधला सान मिगेल बुरूज सर्वांत जुना, हजारेक वर्षांपूर्वीचा. त्याच्याभोवती एकेक पिढी भिंती, वाडे, तट जोडत गेली. फ्रान्सिसचे वडील खुआन दे हासो बोलोन्याला कायदा शिकून आलेले आणि नवारच्या राजाच्या परिषदेचे अध्यक्ष. १५१२ मध्ये स्पेनचा राजा फर्डिनांड याच्या फौजांनी नवार घेतलं. १५१५ मध्ये वडील गेले. पुढच्याच वर्षी स्पेनचा कारभार पाहणाऱ्या कार्डिनल सिस्नेरोसच्या हुकमाने किल्ल्यावर कुदळी चालल्या. तट पाडले, खंदक बुजवला, बुरूज निम्म्यावर आणला आणि कुटुंबाला फक्त राहण्यापुरती जागा ठेवली. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्याकडच्या गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, त्यामागचा हिशोबही हाच होता: पुन्हा कुणी आत शिरून लढू नये. फ्रान्सिस तेव्हा दहा वर्षांचा. हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं.

पुढची पावणेचारशे वर्षं किल्ला तसाच खुरटलेला राहिला. १८९२ मध्ये बियाएर्मोसाच्या डचेसने स्वतःच्या पैशाने काम काढलं. त्यात किल्ला सावरला आणि शेजारी बॅसिलिका उभी राहिली; १९०१ मध्ये तिचं अर्पण झालं. पण ही बॅसिलिका जिथे आहे तिथे ‘नवा वाडा’ होता. परंपरेप्रमाणे फ्रान्सिस जन्मला तो तिथेच. संताच्या सन्मानासाठी संताचं जन्मघर पाडलं! डचेसच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही, तिच्यामुळेच बाकीचं वाचलं. तरी हे नुकसान भरून येणारं नाही. सिस्नेरोसने निदान राहतं घर सोडलं होतं. विसाव्या शतकात आणखी काम झालं, आणि आज जे तट दिसतात त्यांतला बराच भाग त्या काळातला आहे. दुरून किल्ला एकसंध, चित्रातल्यासारखा दिसतो. मला तो जरा जास्तच नीटनेटका वाटला.

आत बुरुजातल्या चॅपेलमध्ये मात्र मी खूप वेळ थांबले. अक्रोडाच्या लाकडात कोरलेला क्रूसावरचा येशू आहे. मान कललेली, देह ताणलेला आणि ओठांवर स्पष्ट हसू. मागच्या भिंतींवर सांगाडे नाचताहेत. मृत्यूच्या नृत्याचं असं भित्तिचित्र स्पेनमध्ये फार दुर्मीळ. लहानपणी फ्रान्सिस याच मूर्तीपुढे गुडघे टेकत असणार. मार्चमध्ये नवारभरातून हजारो लोक पायी इथे येतात, तेही या मूर्तीपुढे थांबतात.

मंगळवार, आमायुर
उत्तरेला बास्तानच्या हिरव्या खोऱ्यात आले. फ्रान्सिसच्या आईचं घराणं इथल्या आस्पिल्कुएता गावचं. आमायुरच्या टेकडीवरच्या गडात १५२२ च्या जुलैमध्ये, गेलेलं राज्य परत मिळवण्यासाठी, नवारच्या बाजूने सुमारे दोनशे जण शेवटपर्यंत लढले. त्यांत फ्रान्सिसचा थोरला भाऊ मिगेल होता. गड पडला आणि नंतर पाडला गेला. १९२२ मध्ये उभारलेला स्मारकस्तंभ १९३१ मध्ये कुणी स्फोटकांनी उडवला, १९८२ मध्ये तो पुन्हा उभा केला. एवढ्या वर्षांनंतरही हा पराभव इथे जुना झालेला नाही.

२००६ पासून आरान्सादी संस्थेचे पुरातत्त्वज्ञ आणि स्वयंसेवक इथे खणत आले आहेत. मातीखालून बुरुजांचे आणि भिंतींचे पाये वर आले. त्यांच्यावर कुणी नवे मनोरे चढवलेले नाहीत. भिंतीची जाडी दिसते, बुरुजाचा घेर कळतो, बाकीचं आपण मनात बांधायचं. मला जीर्णोद्धाराची हीच रीत पटते. हाविएरमध्ये आधी संत दिसतो, मग किल्ला. इथे पडलेलं राज्य सरळ पायाखाली लागतं.

उद्या समुद्राकडे, होंदारिबियाला. आमायुर पडल्यावरही तिथला किल्ला १५२४ पर्यंत झुंजत होता, आणि फ्रान्सिसचा दुसरा भाऊ खुआन तिथे होता.