जनावर, नागोबा आणि पान

वाशीमकडे दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात. सोयाबीन गुडघ्याला लागलेलं असतं, गोठ्यात बॅटरी मारत बाप पोराला सांगतो, ‘पाय पाहून टाक रे, जनावर असीन.’ गोठ्यात बांधलेली बैलं-म्हशी, तीही जनावरंच. पण बापाचा आवाज जरा खाली आला की कोणतं जनावर ते पोराला बरोबर कळतं. नाव घेतलं की ते येतं, ही जुनी भीती. आलंच आणि डसलंच, तरी ‘साप चावला’ हे शब्द तोंडातून निघत नाहीत. ‘पान लागलं’ म्हणतात. विड्याचं पान आणि उभारलेला फणा मनात शेजारी धरून पाहा, अंगावर काटा येतो. त्या पानाच्या वेलीलाही आपण नागवेलच म्हणतो.

दिवसाउजेडी हीच भाषा धीट होते. नागाला गव्हाळ्या, घोणसाला परड, मण्याराला दांडेकार अशी नावं विदर्भात रुळली आहेत. नागपंचमीला तर तो घरचा पाहुणाच. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, चिरायचं-तळायचं नाही, पुरणाचे दिंड उकडायचे आणि वारुळाला हळदकुंकू वाहायचं. एरवी काठी घेऊन धावणारे त्या दिवशी ‘नागोबा’ म्हणून हात जोडतात.

म्हणींनी मात्र त्याच्यावर माणसांचेच गुण लादले. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही त्यातली सर्वांत नेमकी, कारण नाग खरोखरच बीळ खणत नाही. उंदराने किंवा वाळवीने बांधलेल्या घरात शिरतो. बांधाच्या वाटणीत ही म्हण ऐकली नाही असा शेतकरी विरळा. ‘साप म्हणू नये धाकला, नवरा म्हणू नये आपला’ ही बायकांची, अनुभवाची. ‘नागीण’ हा शब्द बाईला आणि आजाराला. कमरेला वेढा पुरा झाला की माणूस जातो, असं या आजाराबद्दल अजून सांगतात. ते खोटं आहे. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू पुन्हा जागा होतो, एवढंच. पुरुषाच्या वाट्याला मात्र नागोबा, फार तर आयतं बीळ बळकावणारा!

ज्या वाशीमकडे आज हे नाव टाळतात, ते म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या काळी नाग हे नाव राजे अभिमानाने मिरवत. वत्सगुल्म शाखेचा मूळपुरुष सर्वसेन. त्याची भावजय भारशिव नागांच्या भवनाग राजाची मुलगी. पुढे पाचव्या शतकात याच शाखेतल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवलं. त्याच्या शिलालेखात नागेंद्राच्या निवासाचा उल्लेख आहे, आणि लेण्याकडे चढणाऱ्या पायऱ्यांशी तो नागराज आजही बसलेला दिसतो. अजिंठ्याला जाल तेव्हा चित्रांच्या घाईत त्याला चुकवू नका. तिथे तो राखणदार आहे, त्याचं नाव टाळायची कुणाला गरज वाटलेली नाही.

आपण मात्र ते नाव नेमकं नको तिथे टाळतो. दांडेकार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला डसतो. दंश जवळजवळ दुखत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि घरचे अपचन समजून ओवा-सोड्यात वेळ घालवतात. साप असल्याचं कळलंच, तर कुणी विष उतरवायला बारी म्हणणारा माणूस शोधतो. देशात २००० ते २०१९ या काळात सापाच्या दंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली, बरीचशी दवाखान्यात पोचण्याआधीच. सापाच्या विषावरचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच चालतं. त्यासाठी साप मारून सोबत न्यावा लागत नाही.

तेव्हा गोठ्यात खुशाल जनावर म्हणा, वारुळापाशी नागोबा म्हणा. पण बाहेरगावच्या डॉक्टरपुढे ‘पान लागलं’ म्हणू नका. १०८ ला फोन लावा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: साप चावला आहे.