पंधरा सेकंद, प्लीज!

प्रत्येक ग्रुपमध्ये एक नमुना असतो. फोटो काढायची वेळ आली की सगळे बत्तीशी दाखवतात आणि हा नमुना ओठ घट्ट मिटून गालातल्या गालात हसतो. आमच्या ग्रुपमधला तो नमुना म्हणजे मी. लोकांना वाटायचं, काय मिस्टिरियस स्माइल आहे हिचं! अगदी मोनालिसा वगैरे. खरं कारण एकदम अनरोमँटिक होतं. माझ्या वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडालेला होता. तांदळाच्या दाण्याएवढाच, पण आरशात बघितलं की मला चेहऱ्याआधी तोच दिसायचा.

अकरा वर्षांची असताना आजोळी झोपाळ्यावरून पडले आणि दात तुटला. हे झालं आमच्या घरातलं अधिकृत व्हर्जन. तुटलं होतं ते फक्त एनॅमल, म्हणजे दाताचं सगळ्यात बाहेरचं कवच. त्यात नसा नसतात, त्यामुळे नंतर काही दुखलं-खुपलं नाही. आणि जे दुखत नाही ते घेऊन डॉक्टरकडे जायची आपल्याकडे पद्धतच नाही. ‘लग्नाच्या वेळी बघू,’ आई म्हणाली.

लग्न ठरलं, पण ताईचं. साखरपुड्याला तीन आठवडे उरलेले असताना कळलं की फोटोग्राफर ‘कँडिड’वाला आहे. झालं! कँडिडमध्ये ओठ मिटायला वेळ कोण देतो? मी तडक ठाण्यातल्या आमच्या नेहमीच्या डेंटिस्ट मॅडमकडे गेले.

‘दाताच्याच रंगाचं कॉम्पोझिट लावू. एका बैठकीत काम होईल,’ मॅडम म्हणाल्या. ‘फक्त आधी थोडं अॅसिड लावावं लागेल.’

अॅसिड? माझ्या दाताला? मी खुर्चीतून अर्धी उठलेच.

‘अगं, फॉस्फोरिक अॅसिड. तू कोला पितेस ना, त्यातही असतं. हे त्यापेक्षा खूप जास्त तीव्र, पण लावायचं फक्त पंधरा ते तीस सेकंद, आणि तेही जिथे हवं तिथेच.’ मग त्यांनी मला साध्या भाषेत समजावलं. ऑइल पेंटच्या गुळगुळीत भिंतीवर रंगारी थेट नवा रंग देत नाही, आधी पॉलिश पेपर मारतो. दाताचंही तसंच. एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, कडक आणि गुळगुळीत. त्यावर काहीही चिकटवा, सटकणार. अॅसिडने वरचा थोडासा थर विरघळतो आणि डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं पडतात. त्यात पातळ बाँडिंग लिक्विड झिरपतं आणि तिथेच कडक होतं, झाडाची मुळं मातीत घुसावीत तसं. विरघळणारा थर साधारण दहा मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही खूप कमी.

घरी आल्यावर माझ्यातली पत्रकार जागी झाली. शोधलं तर कळलं, हा फंडा १९५५ सालचा. अमेरिकेत रोचेस्टरला मायकेल बुओनोकोर नावाचे एक दंतसंशोधक होते. कारखान्यांमध्ये रंग नीट धरावा म्हणून धातूच्या पत्र्यांना आधी फॉस्फोरिक अॅसिड लावतात, हे त्यांना माहीत होतं. पत्र्याला चालतं तर दाताला का नाही? त्यांनी ८५ टक्क्यांचं अॅसिड ३० सेकंद लावून बघितलं आणि अॅक्रिलिक कित्येक पटींनी जास्त काळ टिकलं. आता साधारण ३७ टक्क्यांचं जेल वापरतात. त्याआधी फिलिंग अडकून राहावं म्हणून डॉक्टरांना दात आतून कोरून खाच करावी लागायची, त्यात चांगला भागही जायचा. तुमच्या ब्रेसेसचे ते छोटे चौकोन दाताला चिकटून राहतात ना, तेही याच युक्तीने.

एवढा अभ्यास करून मी खुर्चीत बसले. मॅडमनी तोंडात रबर डॅम लावायचं सुचवलं. रबराचा पातळ पडदा, ज्यातून फक्त हवे तेवढे दात बाहेर येतात. माझा जीव घुसमटला. ‘नको ना मॅडम, कापूस चालेल,’ मी गयावया केली. ‘ठीक आहे, पण मग जीभ सांभाळ,’ त्यांनी बजावलं. निळं जेल लागलं, पाण्याने धुतलं, हवेने वाळवलं. आरशात बघितलं तर तुटकी कड खडूसारखी पांढरी! मॅडम बाटली घ्यायला वळल्या आणि माझी जीभ गेली तिथे. मुद्दाम नाही हो, सतरा वर्षांची सवय! त्या तुटक्या कोपऱ्याला दिवसातून शंभर वेळा जीभ लागायची. एक सेकंद, खरखरीत लागलं, बस.

मी काही बोलले नाही. आपण कशाला उगाच सांगा? लिक्विड लागलं, कॉम्पोझिट लागलं, निळा लाइट मारला आणि माझा दात नव्यासारखा झाला. त्या एका बैठकीला माझ्या एका लेखाचं मानधन गेलं, पण चालतंय की!

तो दात आठ दिवस टिकला. एका कॅफेत मुलाखत घेताना टोस्टला चावा घेतला आणि कट्! मॅडमचं जेवढं चिकटवलेलं होतं तेवढं माझ्या हातात. उरलेली मुलाखत मी तोंडावर हात ठेवून घेतली. समोरच्याला वाटलं, मुलगी फार विचारपूर्वक ऐकतेय.

दुसऱ्या खेपेला ताई बरोबर आली. साखरपुड्याला पाचच दिवस राहिले होते. मॅडमचा चेहरा पडलेला. ‘असं व्हायला नको होतं. माझंच काहीतरी चुकलं का?’ त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या, आणि मला राहवलं नाही. ‘मॅडम, तुमचं नाही. मी जीभ लावली होती आणि सांगितलं नाही.’

त्या रागावल्या नाहीत. ‘तेव्हाच बोलली असतीस तर परत एकदा अॅसिड लावलं असतं, पंधरा सेकंदांचं काम,’ त्या म्हणाल्या. लाळेतली प्रथिनं त्या बारीक भोकांवर क्षणात थर धरतात. वरून पुसलं, हवा मारली, तरी तो थर जात नाही. वरून सगळं छान दिसतं, आत पकड नसते.

मग त्यांनी केसपेपर काढला आणि विचारलं, ‘मूळ दात तुटला कसा गं?’

‘झोपाळ्यावरून पडले,’ मी सवयीने म्हणाले.

‘नाही,’ मागून ताईचा आवाज आला. ‘मी ढकललं होतं. माझी पाळी होती आणि ही उतरत नव्हती.’

सतरा वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. मला आठवत होतं, तिला आठवत होतं, आणि दोघी आपल्या छान वागत होतो. इतक्या छान, की दोन वर्षांत आमचं एकही खरं भांडण झालं नव्हतं आणि एकही खरी गप्पांची रात्र झाली नव्हती. मला तिला बरंच काही म्हणायचं होतं. पण मॅडमनी तोवर रबर डॅम लावला होता!

त्या अर्ध्या तासात मी बोलू शकत नव्हते आणि ताई थांबत नव्हती. फोटोत माझे मिटलेले ओठ बघून दर वेळी तिला काय वाटायचं, ते सगळं तिने सांगितलं. घुसमट वगैरे काही झाली नाही मला. डोळ्यांतून पाणी मात्र आलं, आणि मॅडमनी कापसाने तेही टिपलं.

बाहेर पडल्यावर रिक्षात आम्ही कडाक्याचं भांडलो. घर येईपर्यंत दोघींचे आवाज बसले होते.

सूचना मिळाल्यात: नखं कुरतडायची नाहीत, पाकिटं दाताने फोडायची नाहीत, कोला घोट-घोट करत तासभर प्यायचा नाही, कारण विरघळलेलं एनॅमल शरीर नव्याने बनवत नाही. काही वर्षांनी कॉम्पोझिटची डागडुजी लागेल, तीही तेव्हा बघू.

साखरपुड्याचे फोटो परवा आले. एकात मी तोंड उघडून अक्षरशः खिदळतेय. ताईने तो फोटो मोठा करून कितीतरी वेळ बघितला आणि मग विचारलं, ‘अगं, डावा होता की उजवा?’