गीतरामायणाच्या सावलीतलं केंद्र

पुणे

चि. धाकटीस,

पुणे आकाशवाणीवर लिहायला घेतलंस हे फार बरं केलंस. आराखडा वाचला. स्थापना एका परिच्छेदात, मग गीतरामायणाला चार पानं, त्यानंतर ‘इतर कार्यक्रम’ आणि शेवटी एफएम. सगळे असंच लिहितात. पण त्या ‘इतर’मध्ये तू जी एक ओळ कोंबली आहेस, ‘शेतकऱ्यांसाठी श्रोतेमंडळांचा प्रयोग’, ती ओळ गीतरामायणाच्या तोडीची आहे. त्या दोन्ही गोष्टी काही आठवडे एकाच केंद्रावरून, एकाच वेळी चालू होत्या. म्हणून हे लांबट पत्र.

आधी थोडं मागचं. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालं. ते सरकारी नव्हतं, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी कंपनीचं होतं. प्रक्षेपक अवघा दीड किलोवॉटचा. कंपनी १९३० साली बुडाली, सरकारनं ती चालवायला घेतली, १९३१च्या ऑक्टोबरमध्ये परवडत नाही म्हणून सेवा बंद करायचं ठरवलं आणि लोकांनी ओरडा केल्यावर दीडेक महिन्यात निर्णय फिरवला. १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. सकाळी केंद्र उघडताना वाजणारी ती ओळखीची धून बांधली वॉल्टर कॉफमन यांनी. युरोपातून मुंबईला आश्रयाला आलेला हा ज्यू संगीतकार मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळत होता. असाच आणखी एक निर्वासित पुढं पुण्याच्या गोष्टीत येणार आहे.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या वाट्याला सहा केंद्रं आली. त्यात मराठी मुलखातलं एकटं मुंबई. पुण्याचं केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ रोजी. स्टुडिओ शिवाजीनगरला आणि प्रक्षेपण हडपसरला. सोलापूर रस्त्यावरच्या बसथांब्याचं नाव अजून ‘आकाशवाणी’ आहे, त्यामुळे नवखा माणूस मुलाखतीला निघतो आणि भलतीकडे उतरतो.

मध्यम लहरींचं एक तुझ्या वाचकांना सांगच, कारण त्याशिवाय बाकीचं उलगडत नाही. पुण्याची लहर ७९२ किलोहर्ट्झची, म्हणजे सुमारे ३७९ मीटर लांबीची. १९७८ साली जगाच्या आपल्या बाजूला केंद्रांमधलं ९ किलोहर्ट्झचं अंतर लागू झालं, म्हणून आपली सगळी मध्यम लहरींची केंद्रं नवाच्या पाढ्यात बसतात. पुणे नवे अठ्ठ्याऐंशी, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८, म्हणजे नवे बासष्ट. दिवसा ही लहर जमिनीला धरून पसरते, डोंगराआडच्या गावातही पोचते. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून येते आणि मग शेकडो मैलांवरची केंद्रं एकमेकांत घुसतात. एफएमची लहर सरळ रेषेत जाते. मध्ये डोंगर आला की संपली. मावळात, भोर-वेल्ह्यात, जुन्नरच्या खोऱ्यांत रेडिओ म्हणजे मध्यम लहरी, याचं कारण हे एवढंच.

आता १९५५. त्या वेळी माहिती आणि प्रसारण खातं बा. वि. केसकर यांच्याकडे होतं. मराठी माणूस, संगीताचा दर्दी, आणि सिनेसंगीताशी उभा दावा. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय करावं? त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ तिथून घराघरांत शिरली आणि दिल्लीचे अधिकारी चरफडत राहिले. मग सिनेमाला पर्याय म्हणून केंद्राकेंद्रांवर सुगम संगीत उभं करायचं ठरलं. पुण्यात त्या काळी कार्यक्रमांची धुरा सीताकांत लाड यांच्याकडे होती. त्यांनी आपले मित्र ग. दि. माडगूळकर यांना वर्षभर चालेल अशी मालिका मागितली आणि चाली दिल्या सुधीर फडके यांनी. गंमत पाहा, दोघंही सिनेमातलेच! दिल्लीनं पुढच्या दारानं घालवलेली माणसं पुण्यानं मागच्या दारानं आत घेतली, आणि केसकरांच्या धोरणाचं सर्वांत गोड फळ सिनेमावाल्यांनीच पिकवलं.

१ एप्रिल १९५५ हा रामनवमीचा दिवस. त्या दिवशी पहिलं गीत वाजलं, आणि मग दर आठवड्याला एक. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला, म्हणून गीतांची संख्या बावन्नावर न थांबता ५६ वर गेली. पहिल्याच गीताचा कागद हरवला आणि गदिमांना खोलीत कोंडून ते पुन्हा लिहून घेतलं, ही गोष्ट तुला पाठ आहे. ती चवीनं सांगितली जाते, तू आणखी सांगू नकोस. त्याऐवजी हे सांग, की मूळ मालिकेत प्रत्येक पात्राचा गळा वेगळा होता. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके, मालती पांडे, लता मंगेशकर अशी ती यादी आहे. आपल्या घरोघरी ज्या ध्वनिमुद्रिका पोचल्या त्यात छप्पनही गीतं एकट्या सुधीर फडक्यांनी गायली आहेत. त्यामुळे १९५५ साली लोकांनी जे ऐकलं ते नाटकासारखं बहुस्वरी होतं, हे आज फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. मालिका १९ एप्रिल १९५६ रोजी, पुढच्या रामनवमीला संपली.

ती संपत आली असतानाच तुझी ती ‘एक ओळ’ घडत होती.

फेब्रुवारी ते एप्रिल १९५६. पुणे केंद्राच्या टापूतले पाच मराठी जिल्हे आणि त्यातली सुमारे दीडशे गावं. युनेस्कोचं पाठबळ, आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांचा पुढाकार. हे माथुर आय.सी.एस. अधिकारी आणि ‘कोणार्क’ लिहिणारे हिंदी नाटककार. कल्पना कॅनडातून आलेली: तिथं १९४१पासून शेतकरी शेजाऱ्याच्या घरी जमून रेडिओ ऐकत आणि मग चर्चा करत. पण कॅनडातला शेतकरी आधी छापील पत्रक वाचून बसायचा. आपल्याकडे वाचता येणारेच थोडे. म्हणून वाचन वगळलं आणि ऐकणं-बोलणं ठेवलं.

तपशील बघ, कारण खरी कारागिरी त्यातच आहे. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचं मंडळ. एक अध्यक्ष, एक संयोजक. संयोजकाला लिहितावाचता येणं आवश्यक, कारण वही त्याच्याकडे. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सार्वजनिक सेटभोवती मंडळी जमणार, अर्धा तास कार्यक्रम ऐकणार, सेट बंद करणार, आणि मग बोलणार: आपल्या गावात हे जमेल का, अडचण कुठं, खर्च कोण करणार. संयोजक त्याचा वृत्तान्त आणि शंका लिहून टपालानं पुण्याला पाठवणार. पुढच्या कार्यक्रमात त्या शंकांना उत्तरं मिळणार. दहा आठवडे, वीस कार्यक्रम. आधी केंद्र बोलायचं आणि गाव ऐकायचं. इथं गाव बोलू लागलं आणि केंद्राला ऐकावं लागलं. ‘आमच्याकडे विहिरीला पाणीच नाही, तुम्ही बागायतीचं काय सांगता?’ या तऱ्हेचा प्रश्न टपालानं आला की निवेदकाला तो बाजूला सारता येत नसे. उत्तर द्यायचं तर कृषी खात्यातल्या जाणकाराकडे जावं लागे.

याची मोजणी करायला मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून आले पॉल नॉयराथ. व्हिएन्नाचे. नाझींनी त्यांना १९३८ साली पकडून दाखाउ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत टाकलं होतं. सुटून अमेरिकेला गेले आणि त्या छावण्यांमधल्या समाजावरच कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहिला, जो पुस्तकरूपात यायला साठेक वर्षं लागली. वडील ऑटो नॉयराथ यांनी आकडेवारी निरक्षरालाही कळावी म्हणून चित्रचिन्हांची पद्धत शोधली होती. मुलगा आपल्याकडे निरक्षराच्या कानापर्यंत काय पोचतं ते मोजत होता. तू व्यक्तिचित्रं चांगली लिहितेस. या माणसाला एक पान दे.

नॉयराथ यांनी तीन तऱ्हेची गावं घेतली: मंडळ असलेली, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. प्रयोगाआधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत माहिती भरघोस वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत जवळजवळ काहीच नाही. म्हणजे तोच आवाज, तीच माहिती, तोच सेट; फरक पडला तो सेट बंद केल्यानंतरच्या गप्पांनी. शिवाय मंडळं नुसती बोलत बसली नाहीत. विहिरी खणल्या, कोंबड्या पाळल्या, चांगल्या जातीचे वळू आणले, विक्री संस्था आणि बालवाड्या काढल्या. काही ठिकाणी तर ग्रामपंचायतीपेक्षा मंडळच भराभर निर्णय घेऊ लागलं, असं निरीक्षण नोंदवलेलं आहे. पंचायतीला ते किती रुचलं असेल, याची कल्पना तू-मी करू शकतो.

माथुर आणि नॉयराथ यांचं या प्रयोगावरचं पुस्तक युनेस्कोनं १९५९ साली काढलं. त्याच वर्षी ही योजना देशभर न्यायचं ठरलं, पुढं घानातही मंडळं उभी राहिली. संवाद-माध्यमांच्या अभ्यासात जगभर ज्याचा दाखला दिला जातो तो प्रयोग आपल्या पुण्याचा आहे, आणि पुण्याला त्याचा पत्ता नाही.

का विसरला गेला? एक कारण साधं आहे: गीतरामायण पुन्हा गाता येतं, मंडळाची बैठक पुन्हा वाजवता येत नाही. दुसरं कारण जरा कडू आहे. देशभर पसरवताना मंडळांचे आकडे वाढवले. पण संयोजक तयार करणं, त्याच्या पत्राला उत्तर देणं, बिघडलेला सेट वेळेवर दुरुस्त करणं, ही किचकट कामं त्या प्रमाणात वाढली नाहीत. आणि मग ट्रान्झिस्टर आला. रेडिओ चावडीवरून खांद्यावर गेला. गड्याला शेतात, गवंड्याला परातीशेजारी, आजीला उशाशी आपापलं केंद्र मिळालं. लोकांच्या दृष्टीनं ती चैनच होती, त्याबद्दल कुणी हळहळू नये. मंडळ मात्र उठलं.

गावाकडचं बोलणं केंद्रावर टिकलं ते वेगळ्या मार्गानं. गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात दीर्घकाळ नोकरीला होते. थोरला भाऊ सकाळच्या रामायणातून शहराच्या कानात, धाकटा शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातून गावाच्या कानात. पु. ल. देशपांडेही पन्नासच्या दशकात इथं काही काळ होते. १ नोव्हेंबर १९६७ रोजी आकाशवाणीच्याच विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवरून, आणि केसकरांनी एकेकाळी बाहेर ठेवलेली, पण विविध भारतीवर आधीच परतलेली गाणी आता साबणा-पावडरीचं बोट धरून वाजू लागली.

एक ताजी गोष्टही घाल. २०२३च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून द्यायचा आदेश निघाला. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्यांवर घड्याळ लावणाऱ्या शहरानं आणि पत्रकारांनी आवाज उठवला, तेव्हा त्याला स्थगिती मिळाली. १९३१ची आठवण झाली, पण १९३१चे श्रोते परवान्याचे पैसे भरणारे होते. आता परवानाही नाही आणि किती जण ७९२वर काटा नेतात हे मोजण्यासाठी दारोदार फिरणारा नॉयराथही नाही.

तेव्हा आराखडा असा बदल: गीतरामायण दोन पानं, श्रोतेमंडळ तीन. माथुर-नॉयराथ यांचं पुस्तक टाटा संस्थेच्या ग्रंथालयात विचार. आणि मंडळांत बसलेली माणसं आज हयात असली तर नव्वदीच्या आसपास असतील, तेव्हा जुन्नरकडे जाणार असशील तर पावसाळा लागायच्या आत जा. आईला सांग, गुडघ्याचं तेल पाठवलं आहे.

तुझा,
काका